जुन्या प्रणालीची नवी मांडणी : युनिक्सच्या फाईल-व्यवस्थेचा एक अभ्यास

आमच्या परिचयातील एका कुटुंबास काही वर्षांपूर्वी मुलाच्या जात पडताळणीसाठी आजोबांचा प्राथमिक शाळेतील प्रवेश-निर्गम उतारा हवा होता. आजोबा ज्या शाळेत शिकले ती शाळा आजही चालू आहे. तेथील जुने जनरल रजिस्टरही कपाटात होते. मात्र ज्या पानावर आजोबांचे नाव असावयास हवे होते, त्याचा निम्म्याहून अधिक भाग वाळवीने खाल्ला होता. नाव गेले होते, जन्मतारीख गेली होती; उरला होता तो केवळ अनुक्रमांक. दुसरी प्रत कोठेही नव्हती. पुढे इतर पुरावे जमवून काम झाले, परंतु त्या धावपळीत मुलाचे एक शैक्षणिक वर्ष वाया गेले.

नोंद होणे, झालेली नोंद टिकणे आणि टिकलेली नोंद वेळेवर सापडणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्या प्रसंगाने आम्हांला नव्याने उमगले. इतिहासाच्या अभ्यासकाला तर ते पदोपदी जाणवते. भगवान बुद्धांची शिकवण अनेक पिढ्या भिक्खूंच्या स्मरणात होती. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, दुष्काळ व युद्ध यांच्या छायेत, सिंहली भिक्खूंनी ती अलुविहार येथे ताडपत्रांवर उतरविली, अशी परंपरा आहे. भारतात नष्ट झालेले कित्येक संस्कृत बौद्ध ग्रंथ आज केवळ तिबेटी व चिनी अनुवादांमुळे आपल्याला वाचावयास मिळतात. एका ठिकाणी ठेवलेले जळाले. अनेक ठिकाणी पोहोचलेले राहिले.

हाच प्रश्न संगणकाच्या जगात कसा उभा राहिला आणि काही अभ्यासकांनी तो कसा सोडविला, याची हकीकत प्रस्तुत लेखात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. आपल्या शाळेचे कित्येक माजी विद्यार्थी आज संगणकाच्या क्षेत्रात आहेत. त्यांना यातील तपशील परिचित असेल. पालकांनी व इतर वाचकांनी मात्र पारिभाषिक शब्दांना बिचकू नये. विषय अखेरीस कपाट, कप्पा आणि नोंदवही यांचाच आहे.

फाईल-व्यवस्था म्हणजे काय?

संगणकाची डिस्क म्हणजे लहान लहान, सारख्या आकाराच्या कप्प्यांची एक प्रचंड रांग होय. या कप्प्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. आपण एखादे पत्र किंवा छायाचित्र साठवितो तेव्हा त्याचे भाग करून ते अशा ब्लॉकांमध्ये ठेवले जातात. कोणता भाग कोणत्या ब्लॉकात आहे, फाईल कोणाच्या मालकीची आहे, ती कोणी वाचावी व कोणी बदलावी, कोणते ब्लॉक रिकामे आहेत, या सर्वांचा हिशेब ठेवणाऱ्या पद्धतीला फाईल-व्यवस्था म्हणतात.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनी ‘युनिक्स’ या कार्यप्रणालीचा आरंभ केला. तिची फाईल-व्यवस्था अतिशय सुटसुटीत होती. प्रत्येक फाईलसाठी ‘आयनोड’ नावाची एक नोंद असे. तीत मालक, परवानग्या, आकार, वेळ आणि ब्लॉकांचे पत्ते असत. नाव मात्र आयनोडमध्ये नसे. नाव डिरेक्टरीत, म्हणजे यादीत असे आणि त्या नावापुढे आयनोडचा क्रमांक लिहिलेला असे. आपल्याकडे हजेरीपटावर नाव व नोंदणी क्रमांक असतो आणि सविस्तर माहिती जनरल रजिस्टरमध्ये त्या क्रमांकापुढे असते, तसेच हे होय.

जुन्या मांडणीची अडचण

ही व्यवस्था लहान संगणकांसाठी रचलेली होती. पुढे डिस्क मोठ्या झाल्या, वापरणारे वाढले, आणि तिच्या उणिवा उघड झाल्या. पहिली उणीव ब्लॉकच्या आकाराची. प्रत्येक ब्लॉक ५१२ बाइटांचा असल्यामुळे मोठी फाईल वाचताना डिस्कला पुनःपुन्हा थोडे थोडे साहित्य आणावे लागे. दुसरी उणीव अंतराची. १५० मेगाबाइटांच्या डिस्कवर पहिले ४ मेगाबाइट आयनोडांचे आणि पुढचे १४६ मेगाबाइट साहित्याचे, अशी विभागणी असे. फाईल उघडण्यासाठी डिस्कचे वाचनशीर्ष प्रथम आरंभाकडे न्यावयाचे, नोंद वाचावयाची, मग साहित्यासाठी दूर पळवावयाचे, असा फेरा प्रत्येक वेळी पडे. ग्रंथालयाची सूचिपत्रे प्रवेशद्वाराशी आणि पुस्तके गावाच्या दुसऱ्या टोकाला असावीत, तसा हा प्रकार होता.

तिसरी उणीव अधिक विचार करावयास लावणारी आहे. रिकाम्या ब्लॉकांची एक यादी असे. नवी डिस्क वापरात येई तेव्हा ही यादी क्रमवार असे आणि एका फाईलचे ब्लॉक एकापाठोपाठ एक मिळत. परंतु फाईली पुसल्या जात, नव्या लिहिल्या जात, आणि मोकळे झालेले ब्लॉक यादीत हवे तसे मिसळत. काही आठवड्यांतच यादीतील क्रम विस्कटून जाई. त्यामुळे प्रतिसेकंद १७५ किलोबाइट हा आरंभीचा वेग ३० किलोबाइटांपर्यंत खाली येई. कोणी काही मोडले नव्हते. जो ब्लॉक हाती येईल तो देण्याची पद्धत होती, इतकेच.

शिवाय संपूर्ण डिस्कची मूलभूत माहिती ज्या नोंदीत असते, त्या ‘सुपरब्लॉक’ची एकच प्रत असे. ती बिघडली की इतर सारे साहित्य शाबूत असूनही दुर्गम होई.

बर्कले येथील नवी रचना

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत युनिक्स १९७४ साली पोहोचले. तेथील अभ्यासकांनी त्यात भर घालून स्वतःचे वितरण सुरू केले. आरंभी त्यांनी ब्लॉकचा आकार ५१२ वरून १०२४ बाइट केला. एवढ्याने वेग दुपटीहून अधिक झाला. तरीही डिस्कच्या क्षमतेपैकी जेमतेम ४ टक्के उपयोगात येत होती. डागडुजीने काम भागणार नाही हे स्पष्ट झाले. मार्शल कर्क मॅक्युसिक, विल्यम जॉय, सॅम्युएल लेफ्लर व रॉबर्ट फॅब्री यांनी फाईल-व्यवस्थेची रचनाच नव्याने केली. १९८३ साली ती ४.२ बीएसडी या वितरणात आली आणि १९८४ साली त्यांनी तिच्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध केला.

आता ब्लॉक किमान ४०९६ बाइटांचा झाला. परंतु मोठ्या ब्लॉकचा एक दोष असतो. युनिक्सवरील बहुसंख्य फाईली लहान असतात. ६०० बाइटांच्या फाईलला ४०९६ बाइटांचा ब्लॉक दिला तर ३४९६ बाइट वाया जातात. बर्कलेच्या अभ्यासकांनी आपल्याच डिस्कवरील सुमारे ७७५ मेगाबाइट साहित्य घेऊन हिशेब मांडला. ५१२ बाइटांच्या ब्लॉकमुळे साहित्याच्या प्रमाणात ६.९ टक्के जागा वाया जात होती; ४०९६ बाइटांचे ब्लॉक घेतल्यास ती ४५.६ टक्के जाणार होती. वेग हवा तर जागा घालवा, जागा वाचवा तर वेग सोडा, असा हा पेच होता.

त्यांनी दोहोंपैकी एकाचा बळी दिला नाही. मोठ्या ब्लॉकचे, उदाहरणार्थ १०२४ बाइटांचे, तुकडे करण्याची सोय केली. मोठ्या फाईलला पूर्ण ब्लॉक मिळावेत आणि तिच्या शेवटच्या अपुऱ्या भागाला, किंवा लहान फाईलला, आवश्यक तेवढेच तुकडे मिळावेत. ९५०० बाइटांची फाईल घेऊ. केवळ मोठे ब्लॉक असते तर तिला तीन ब्लॉक, म्हणजे १२२८८ बाइट द्यावे लागले असते व २७८८ बाइट वाया गेले असते. नव्या पद्धतीत तिला दोन पूर्ण ब्लॉक व दोन तुकडे मिळतात. एकूण १०२४० बाइट. वाया जातात केवळ ७४०. उरलेले तुकडे दुसऱ्या लहान फाईलींच्या उपयोगी पडतात. लहानांची गरज लहान आहे म्हणून त्यांना वगळले नाही, आणि मोठ्यांच्या मापाचा झगा त्यांच्या अंगावर चढविलाही नाही.

शेजार आणि समतोल

अंतराचा प्रश्न सोडविण्यासाठी डिस्कचे ‘सिलिंडर गट’ नावाचे विभाग करण्यात आले. प्रत्येक विभागात स्वतःचे आयनोड, स्वतःचा रिकाम्या ब्लॉकांचा नकाशा आणि साहित्याची जागा. एका गावात एकच कचेरी असण्याऐवजी प्रत्येक वस्तीत तिची स्वतंत्र चावडी, असे म्हणता येईल. एका डिरेक्टरीतील फाईलींचे आयनोड शक्यतो एकाच गटात आणि त्यांचे साहित्यही त्याच गटात ठेवावयाचे, हा पहिला नियम. जे एकत्र वाचले जाते ते जवळ असावे.

परंतु सर्वच जवळ ठेवावयाचे म्हटले तर एकच गट भरून जाईल आणि बाकीचे ओस पडतील. म्हणून दुसरा नियम विखुरण्याचा. नवी डिरेक्टरी तयार करताना, ज्या गटात रिकामे आयनोड सरासरीहून अधिक आहेत आणि डिरेक्टऱ्या सर्वांत कमी आहेत, तो गट निवडावयाचा. त्याचप्रमाणे एखादी फाईल ४८ किलोबाइटांपलीकडे वाढली की तिचे पुढील साहित्य दुसऱ्या गटात पाठवावयाचे, आणि त्यानंतर प्रत्येक मेगाबाइटनंतर पुन्हा गट बदलावयाचा. अन्यथा एकच अवाढव्य फाईल संपूर्ण गट व्यापून बसेल आणि तेथील लहान फाईलींना स्वतःच्या गटात जागा उरणार नाही.

सामाजिक इतिहास शिकविणाऱ्या माणसाला येथे थांबावेसे वाटते. यंत्राला जात नसते, आणि यंत्राच्या नियमांवरून समाजाचे नियम काढणे हा भाबडेपणा ठरेल. तथापि एक गोष्ट दोहोंकडे खरी आहे. ‘जे होईल ते आपोआप होऊ द्या’ असे म्हटल्याने न्याय्य वाटणी होत नाही. जुन्या व्यवस्थेत कोणाचाही द्वेष नव्हता, तरी विस्कळीतपणा वाढतच गेला. समतोल हवा असेल तर तो नियमात लिहावा लागतो.

राखीव जागेचेही तसेच. नव्या व्यवस्थेत डिस्कची सुमारे १० टक्के जागा मोकळी राखलेली असे. त्या मर्यादेपलीकडे सामान्य वापरकर्त्याला जागा मिळत नसे. ती केवळ व्यवस्थापकाला वापरता येई. वरवर पाहता हा अपव्यय वाटतो. परंतु मोकळे ब्लॉक जवळजवळ संपले की योग्य ठिकाणी योग्य ब्लॉक शोधणे अशक्य होते आणि वेग निम्म्यावर येतो. राखून ठेवलेली जागा इतरांची हिरावलेली नसते; तिच्यामुळेच सर्व व्यवस्था चालते.

जतनाची काळजी

या रचनेतील आम्हांला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग जतनाचा आहे. सुपरब्लॉकची प्रत आता प्रत्येक सिलिंडर गटात ठेवली गेली. यातही एक बारकावा आहे. जर प्रत्येक गटाच्या अगदी आरंभीच ही प्रत ठेवली असती तर सर्व प्रती डिस्कच्या एकाच, म्हणजे सर्वांत वरच्या तबकडीवर आल्या असत्या आणि ती तबकडी खराब होताच सर्व गेल्या असत्या. म्हणून प्रत्येक गटात ही माहिती आधीच्या गटापेक्षा थोडी पुढे सरकवून ठेवली. परिणामी कोणतीही एक तबकडी, एक सिलिंडर किंवा एक मार्ग नष्ट झाला तरी सर्व प्रती एकाच वेळी जात नाहीत. प्रती अनेक असणे पुरेसे नाही. एकाच संकटात त्या सर्व सापडणार नाहीत अशा ठिकाणी त्या असल्या पाहिजेत.

दुसरी सुधारणा नाव बदलण्याची. फाईलची नवी आवृत्ती आधी तात्पुरत्या नावाने लिहून नंतर तिला मूळ नाव देणे, ही प्रथा होती. जुन्या प्रणालीत हे नामांतर तीन टप्प्यांत होई. मध्येच वीज गेली तर फाईल केवळ तात्पुरत्या नावानिशी उरे. तिचे खरे नाव हरवे. नव्या प्रणालीत हे काम एकाच अखंड क्रियेत होऊ लागले : एकतर जुने, नाहीतर नवे; मधली अनाथ अवस्था नाही. नावाची लांबीही १४ अक्षरांवरून २५५ पर्यंत वाढविण्यात आली.

तरीही अपघात होतात. संगणक अचानक बंद पडल्यावर सर्व नोंदी तपासणारा एक कार्यक्रम असतो. ज्या फाईलचा आयनोड आहे पण जिचे नाव कोणत्याही यादीत नाही, अशी फाईल तो पुसून टाकत नाही. ‘हरवले-सापडले’ या अर्थाच्या इंग्रजी नावाच्या एका डिरेक्टरीत तो तिला ठेवतो आणि तिच्या आयनोडचा क्रमांक हेच तिचे नाव लिहितो. हे वाचताना आम्हांला वाळवीने खाल्लेले ते पान आठवले. तेथेही क्रमांक होता, नाव नव्हते. फरक एवढाच की येथे नाव गेले तरी मजकूर राहतो, आणि जाणकार माणूस मजकूर वाचून नाव परत देऊ शकतो. त्या पानावर तीही सोय उरली नव्हती.

लाभ आणि किंमत

नव्या रचनेचा परिणाम मोजून पाहण्यात आला. त्याच प्रकारच्या व्हॅक्स संगणकावर जुनी व्यवस्था प्रतिसेकंद २९ किलोबाइट वाची, म्हणजे डिस्कच्या क्षमतेच्या ३ टक्के. नवी व्यवस्था २३३ किलोबाइट, म्हणजे २४ टक्के. अधिक चांगल्या जोडणीवर हे प्रमाण ४७ टक्क्यांपर्यंत गेले. आणि वापर वाढला तरी हा वेग जुन्यासारखा ढासळत नव्हता.

किंमतही होती. लिहिताना जागा निवडण्यासाठी प्रोसेसरला अधिक काम पडे. त्यामुळे लिहिण्याचा वेग वाचण्याइतका वाढला नाही. डिस्कवरील मांडणी पूर्णपणे बदलल्यामुळे जुने साहित्य टेपवर उतरवून पुन्हा भरावे लागे. डिरेक्टरी थेट वाचणारे कार्यक्रम दुरुस्त करावे लागले, आणि त्यांच्यासाठी नवी साधने पुरविण्यात आली. परंतु फाईल उघडणे, वाचणे, लिहिणे, बंद करणे या नेहमीच्या आज्ञा तशाच ठेवल्या. लोकांनी वर्षानुवर्षे लिहिलेले बहुतेक कार्यक्रम चालत राहिले. आतली रचना मुळापासून बदलली. सामान्य वापरकर्त्याचे श्रम मात्र पाण्यात गेले नाहीत.

उघडी मूठ

ही व्यवस्था आरंभी पूर्णतः मुक्त नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बर्कलेच्या वितरणात बेल प्रयोगशाळेचा मूळ मजकूर असल्याने ते मिळविण्यासाठी एटी अँड टी या कंपनीचा परवाना लागे. बर्कलेने १९८९ व १९९१ साली आपण स्वतः लिहिलेला भाग मुक्तपणे देण्यास आरंभ केला. १९९२ मध्ये त्यावर न्यायालयीन वाद उभा राहिला आणि १९९४ साली तो तडजोडीने मिटला. त्यानंतर ४.४ बीएसडी-लाइट हे निर्विवाद मुक्त वितरण आले आणि फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, ओपनबीएसडी या प्रणालींनी ही फाईल-व्यवस्था पुढे चालविली.

परंतु कल्पना त्यापूर्वीच मुक्त झाली होती. १९८४ चा शोधनिबंध कोणालाही वाचता येत होता. त्यात केवळ यश नव्हते. नियम, मोजमापे, अपव्ययाचे आकडे आणि उणिवाही होत्या. लिनक्स ही प्रणाली आरंभी मिनिक्सची फाईल-व्यवस्था वापरी. तिच्यात नाव १४ अक्षरांचे आणि डिस्कचा भाग ६४ मेगाबाइटांपर्यंतच असे. १९९३ साली रेमी कार्ड व सहकाऱ्यांनी ‘ईएक्सटी-२’ ही व्यवस्था रचली, तेव्हा ब्लॉकांचे गट करण्याची बर्कलेची कल्पना तीत आली. तिचीच पुढची पिढी ‘ईएक्सटी-४’ असंख्य सर्व्हरांवर आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्ये काम करीत आली आहे.

बुद्धांनी आचार्यमुष्टी ठेवली नाही, म्हणजे काही ज्ञान मुठीत झाकून मोजक्यांसाठी राखले नाही, हे आपण जाणतो. ज्या समाजाला शतकानुशतके बंद मुठी पाहाव्या लागल्या, त्याला उघड्या मुठीचे मोल निराळे सांगावे लागत नाही. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांचे पुष्कळ लेखन दीर्घकाळ अप्रकाशित राहिले. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली ते खंडशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा ते घराघरांत पोहोचले. पेटीत असलेले हस्तलिखित एका वाळवीच्या, एका आगीच्या अंतरावर असते. हजारो घरांत पोहोचलेला ग्रंथ नसतो.

आपल्यापुरता बोध

या अभ्यासातून आपल्या शाळेसाठी काही साध्या गोष्टी निघतात. आपले जनरल रजिस्टर आणि प्रवेश-निर्गमाच्या नोंदी आज कार्यालयातील एकाच लोखंडी कपाटात आहेत. त्यांच्या छायाप्रती काढाव्यात, आणि त्या त्याच कपाटात ठेवू नयेत. एक प्रत शाळेत, एक संस्थेच्या कार्यालयात आणि एक दुसऱ्या गावी असावी, म्हणजे एकच पूर, एकच आग किंवा एकच वाळवी सर्व नेऊ शकणार नाही. प्रत्येक प्रतीसोबत नावांची सूची असावी, कारण न सापडणारी नोंद नसल्यासारखीच असते. सूची कशी वाचावी हे एका पानावर साध्या मराठीत लिहून ठेवावे, म्हणजे आजचे लिपिक निवृत्त झाले तरी उद्याचे अडणार नाहीत. खाजगी माहिती कोणी पाहावी याचे नियमही त्यातच असावेत. मांडणी सर्वांना माहीत असणे आणि प्रत्येकाची नोंद सर्वांना खुली असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हे काम एका शिक्षकाचे किंवा एका वर्षाचे नाही. संगणक जाणणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी सुटीतील चार दिवस द्यावेत. ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांनी जुन्या तुकड्यांची नावे पडताळून द्यावीत. पुसट शाईतील कित्येक आडनावे आज तेच ओळखू शकतील. पालकांनी आपल्या घरातील जुने दाखले व गुणपत्रके एकदा काढून पाहावीत आणि त्यांच्या प्रती वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

या वसतिगृहात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या मुलाचे नाव रजिस्टरवर चढते, तेव्हा त्याच्या घराण्यात कित्येकदा ती पहिलीच लेखी नोंद असते. साठ वर्षांनी त्याची नात ती नोंद मागण्यास येईल. तेव्हा तिच्या हाती नुसता अनुक्रमांक पडू नये, एवढी दक्षता आज आपण घ्यावयाची आहे.

जय भीम ! नमो बुद्धाय !